साखळीच्या आतले

२२ मार्च २०२०, रविवार

आजची सभा मी जिंकली. असं लिहू नये हे कळतं, पण ही वही कुणाला दाखवायची नाही, म्हणून इथे तरी खरं लिहितो. इतक्या वर्षांत इतकं मनापासून बोललो नव्हतो.

हॉलमध्ये दाटीवाटीने बसायची सोय उरलेली नाही, म्हणून सगळे समोरच्या क्रिकेटच्या मैदानावर अंतर सोडून उभे होते. दोनेकशे माणसं असतील. हॅरो क्रॉसिंगची सगळी वस्तीच साडेसहाशे. मागे डोंगर, पुढे नदी, नदीवर एक पूल आणि पुलापलीकडे मेलबर्नकडे जाणारा चार तासांचा रस्ता. आमची शायर कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, इतकी लहान आहे की लायब्ररी, जुनं दप्तर आणि टुरिस्ट ऑफिस हे तिन्ही एकाच माणसाकडे आहे, आणि तो मी.

प्रश्न साधा होता. मेलबर्नचे लोक साथीला घाबरून डोंगरातल्या भाड्याच्या घरांकडे निघालेत, त्यांना येऊ द्यायचं का? इथे हॉस्पिटल आहे ते बारा खाटांचं. माझी बायको विनीता तिथेच नर्स आहे. व्हेंटिलेटर एकही नाही.

मी १९१९ पासून सुरुवात केली. तेव्हाच्या फ्लूत या गावाने खाणीतली जाड साखळी आणून पुलावर आडवी बांधली होती. आजही पुलाच्या खांबावर पितळी पाटी आहे: ‘या साखळीच्या आत एकही मृत्यू झाला नाही.’ ते वाक्य मी तीनदा म्हटलं, दर वेळी आवाज थोडा खाली आणत. तिसऱ्या वेळी मैदानावर कुणी खोकलंसुद्धा नाही. मग म्हणालो, “शंभर वर्षांपूर्वी या गावाला विज्ञान ठाऊक नव्हतं, पण एकमेकांना दिलेला शब्द ठाऊक होता. नियम एका माणसासाठी वाकवला की तो नियम राहत नाही, ओळखपाळख होते.”

मर्लने हात वर केला. मर्ल हॉब्सन, एकोणऐंशी वर्षांची, पूर्वी पोस्ट सांभाळायची, आता हॉल कमिटीची अध्यक्ष. “आपलं कोण आणि पाहुणं कोण, हे ठरवायचं कसं, प्रॅल?” प्रल्हाद तिच्या जिभेवर बसत नाही.

मी हॉलच्या दाराकडे बोट केलं. आत फळा आहे. खाणीत उतरताना प्रत्येक मजूर आपला पितळी बिल्ला फळ्यावरच्या हुकाला अडकवायचा, वर आला की काढून घ्यायचा. राहिलेला बिल्ला म्हणजे आत राहिलेला माणूस. खाण १९१९ च्या आधीच बंद झाली, फळा राहिला. तेव्हापासून गावातल्या प्रत्येकाचा बिल्ला तिथे असतो आणि बाहेरगावी जाताना तो उलटा करायचा. तीन हिवाळे काढल्याशिवाय बिल्ला मिळत नाही. माझा २३८८, विनीताचा २३८९. जानेवारीच्या वणव्यात सगळं गाव हलवलं तेव्हा कोण राहिलं हे या फळ्यानेच सांगितलं.

“फळ्यावर बिल्ला आहे तो आपला,” मी म्हणालो. “नाही त्याला साथ संपेपर्यंत कुणी घरात घ्यायचं नाही. भाड्याने नाही आणि फुकटही नाही.”

सगळे हात वर. शपथेचा मसुदा मीच लिहिला, पहिली सही माझी.

घरी आल्यावर विनीता म्हणाली, “छान बोललास. अवधूत पाहिजे होता पण.”

“का?”

“समोरून बोलायला कुणीच नव्हतं.”


२४ मार्च

अवधूतला फोन करून भाषण ऐकवलं. तो मेलबर्नच्या कडेला वेरिबीत असतो, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं ही त्याची नोकरी. पुण्यात कॉलेजात आम्ही वादविवादाचा संघ होतो. संघ दोघांचा असतो, एक अनुकूल, एक प्रतिकूल. मी कायम अनुकूल, तो कायम प्रतिकूल. चार फिरते करंडक आणले. स्पर्धा संपली की परतीच्या एसटीत तोच विषय पुन्हा, बाजू न बदलता, स्वारगेटपर्यंत. त्याची सुरुवात ठरलेली असायची: “माझ्या मित्राचं म्हणणं मला मान्य आहे, पण...” आणि त्या ‘पण’नंतर माझ्या मुद्द्यांच्या चिंध्या.

आजही तेच. “तुझं म्हणणं मान्य आहे, पण साखळीला दोन बाजू असतात की नाही? पलीकडच्या बाजूला किती मेले, पाटीवर आहे का?”

“पलीकडचं गाव वेगळं, त्यांचा हिशोब वेगळा.”

“वा. परीक्षक महोदय, नोंद घ्या.”

“तुला म्हाताऱ्यांबरोबर राहून खवचटपणा आलाय.”

“तो जुनाच. तुझ्या कांजिण्यांबरोबर आला.” मग त्याने कॅमेरा कपाळाजवळ नेला. उजव्या भुवईच्या वरचा तो खड्डा. २००८ साली मेलबर्नमध्ये फुट्स्क्रेला आम्ही सहा जण एका घरात राहायचो आणि मला कांजिण्या झाल्या. बाकीचे चौघे म्हणत होते, याला बाहेर काढा. अवधूत माझ्याच खोलीत राहिला, आणि आठवड्याने त्यालाही उठल्या. हा किस्सा तो सगळ्यांना सांगतो, बायकोला, सुखदाला, आणि मुलीला, मयूरालासुद्धा. मयूरा नऊ वर्षांची आहे. मागून ओरडली, “Baba, not the chicken pox story again.”


११ एप्रिल

पुलावर गाडी नाही. मागच्या खोलीची ईस्टरची दोन्ही बुकिंगं आम्हीच रद्द केली. ही खोली आम्ही स्कीइंगला येणाऱ्यांना देतो, वेगळं दार, वेगळं बाथरूम. शेजारचा माणूस कुंपणापलीकडून म्हणाला, “Good on ya, mate. तुझ्यामुळे धीर आला.” शायरमध्ये रुग्ण शून्य.


१७ मे

शायरला ऑक्टोबरमध्ये दीडशे वर्षं होतात. पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलंय. सोनं, खाण, दरड, इटालियन लोकांची तंबाखूची शेतं, धरण, वणवे. सगळं ऐंशी पानांत. शेवटचं प्रकरण ‘दोन साथी, एक गाव’ असं ठेवणार आहे.

आज फळ्याचे फोटो काढले. सत्तेचाळीस नंबरच्या हुकाला बिल्ला नाही. सेहेचाळीस आहे, अठ्ठेचाळीस आहे. मेलेल्याचा बिल्लासुद्धा इथे काढत नाहीत, मागे काळा रंग लावून पुन्हा लावतात. मर्लला विचारलं तर म्हणाली, “मोजताना चुकलं असेल, love.” आणि खिडकी बंद करायला उठली. खिडकी बंदच होती.


२१ जून, रविवार

उद्यापासून स्कीइंग सुरू. मोजक्या लोकांना परवानगी. हॉटेलवाल्यांचा जीव खालीवर होतोय, शपथ सैल करा म्हणाले. आज पुन्हा बोललो. ऑनलाइन बोलण्यात मजा नाही, समोर चौकोन असतात. तरी त्यांना पटवलं. फक्त हॉटेलं, दिवसाचे पाहुणे, मास्क लावून. घरात कुणी नाही. माझ्या बोलण्यानंतर बेकरीवाल्याने सगळ्यांसमोर सांगितलं की शेजारच्या वांगारट्टा शहरातून येणाऱ्या मेहुण्याला तो नको म्हणून कळवतोय.   सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. मला त्या माणसाचा अभिमान वाटला.


३० जून, मंगळवार

दुपारी अवधूतचा फोन. नेहमीसारखा नाही.

“प्रल्हाद, तुझी मागची खोली रिकामी आहे का रे?”

मी म्हटलं, आहे.

“आमच्या होममध्ये परवा एका नर्सला कोरोना निघाला. काल आणखी दोन. मी बिनपगारी रजा टाकतो म्हटलं. मॅनेजर तयार आहे. आमचा सबर्ब अजून बंद नाही, रस्ता उघडा आहे. मी, सुखदा, मयूरा. टेस्ट काल केली, निगेटिव्ह आहे. चौदा दिवस खोलीच्या बाहेर पाय ठेवणार नाही. जेवण दाराबाहेर ठेव, कुत्र्याला ठेवतात तसं. तीन आठवडे. मग बघू.”

त्याला दमा आहे. कॉलेजातही भाषणाआधी पंप ओढायचा आणि मग म्हणायचा, प्रतिस्पर्ध्याची हवा काढून घेतली.

मी उठून फेऱ्या मारायला लागलो. त्याला सगळं सांगितलं. बेकरीवाल्याचं, बारा खाटांचं, सहीचं. पहिली सही माझी आहे. मी माझ्याच माणसासाठी दार उघडलं तर उद्या दोनशे दारं उघडतील, आणि ती उघडणारे माझंच नाव घेतील. “हे तू नसतास तर सोपं होतं,” मी म्हणालो. “तू आहेस म्हणूनच जमत नाही. नियमाची परीक्षा परक्याच्या वेळी होत नाही रे.”

चांगलं बोललो. खरंच चांगलं बोललो. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. मी ‘पण’ची वाट पाहत होतो. माझ्याकडे उत्तरं तयार होती.

तो म्हणाला, “तुझं म्हणणं मला मान्य आहे.”

पुढे काही नाही. मीच विचारलं, “पण?”

“पण नाही. बरोबर आहे तुझं. ठेवतो, शिफ्टला जायचंय.”

बावीस वर्षांत पहिल्यांदा अवधूतने माझा मुद्दा जसाच्या तसा मान्य केला. त्याने समजून घेतलं याचं बरं वाटलं. मित्र असावा तर असा.

विनीताने फोन अर्धाच ऐकला होता. मी वळून पाहिलं तर ती मागच्या खोलीतून येत होती. विचारायच्या आधीच चादरी बदलल्या होत्या, गादीवर तीन टॉवेल घडी करून ठेवले होते, नवे, लेबलासकट.

“ते येत नाहीयेत,” मी म्हणालो.

ती म्हणाली, “तो नको म्हणाला, की तू?”

“दोघांचं एकमत झालं.”


१ जुलै

विनीता बोलत नाही. कामापुरतं बोलते. तिला म्हटलं, तू स्वतः नर्स आहेस, तुला हे कळायला हवं. ती म्हणाली, “मी नर्स आहे म्हणूनच. चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं असतं, त्याला आम्ही आयसोलेशन म्हणतो. हाकलून देण्याला वेगळा शब्द आहे.”

मी हाकललेलं नाही.


७ जुलै

उद्यापासून सगळं मेलबर्न बंद. आता आम्हाला हवं असतं तरी ते येऊ शकले नसते. विनीताला हे सांगितलं. ती म्हणाली, “आठ दिवस आधी येऊ शकले असते.” तारखा लक्षात ठेवायची तिची जुनी सवय आहे.


१४ जुलै

१९१९ ची मिनिट्स, सभांची इतिवृत्तं, सापडली. कौन्सिलच्या तळघरात, तंबाखू सोसायटीच्या वह्यांखाली. सुंदर तिरकं अक्षर, निळी शाई तपकिरी झालेली.

मार्च महिन्यातली नोंद: हॉटेलात कपडे धुणारी मिस नोरा किओ वांगारट्टाला बहिणीकडे गेली होती, परतली तेव्हा साखळी बांधून तीन दिवस झाले होते. तिला नदीपलीकडे तंबूत राहायला सांगण्यात आलं. खाणं साखळीपाशी ठेवलं जाईल. नवव्या दिवसाची नोंद: ‘मिस किओ आज पहाटे वारली. ती साखळीच्या बाहेर असल्याने तिची गणना गावात होत नाही. क्रमांक ४७ चा बिल्ला उतरवण्यात यावा, म्हणजे फळा बरोबर राहील.’ सूचक, ए. हॉब्सन. मर्लचे आजोबा.

बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसलो. मग कॉफी केली. इतिहासात असं असतं. एका बाईबद्दल वाईट वाटू द्यावं आणि साडेपाचशे माणसं वाचली हेही विसरू नये. तिला तळटीपेत घालेन. शेवटच्या प्रकरणाचा ओघ मोडता कामा नये.


२० जुलै

अवधूतला निघाला. सुखदालाही. मयूराला नाही, अजून.

सुखदाचा मेसेज होता, फोन नाही. मी लगेच फोन केला. अवधूत म्हणाला, “अरे साधा ताप आहे. होममध्ये अकरा म्हातारे आणि सात जण स्टाफ. मी काय स्पेशल?” बोलताना मधे थांबत होता. मी विचारलं, पंप आहे ना. म्हणाला, दोन आहेत, एक तुला हवाय का?


२२ जुलै

विनीता दिवसातून तीनदा सुखदाला फोन करते. बोटाला लावायच्या मशीनवरचा आकडा विचारते. शहाण्णव. चौऱ्याण्णव. आज दुपारी ब्याण्णव. ब्याण्णव ऐकल्यावर म्हणाली, “आत्ता अँब्युलन्स बोलाव, मी लाइनवर आहे.” माझ्याकडे पाहिलं नाही.


२४ जुलै

हॉस्पिटलमधून त्याने व्हिडिओ लावला. नाकात नळ्या. केस चपटे. कपाळावरचा खड्डा एरवीपेक्षा खोल दिसत होता.

“पहिली घंटा झाली रे,” तो म्हणाला.

स्पर्धेत पहिली घंटा म्हणजे एक मिनिट उरलं. मी म्हटलं, “दुसरी व्हायची आहे अजून. बोल.”

“तू बोल. मला धाप लागते.”

काय बोलायचं ते मला सुचेना. चक्क मला. मग पुस्तिकेचं सांगत सुटलो, दरडीचं, इटालियन शेतकऱ्यांचं, आणि कसा कोण जाणे, नोरा किओचं सांगून बसलो. तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं झोपला.

“तिला पुस्तकात घाल,” म्हणाला.

“घालतोय. तळटीपेत.”

त्याने डोळे उघडले. “तळटीपेत नको.”

नर्सने फोन काढून घेतला. माझ्याशी वाद घालायला त्याच्याकडे तेवढाच श्वास होता आणि तो त्याने त्या बाईवर खर्च केला. तो स्वतःचं काहीच बोलला नाही. मीही नाही विचारलं. उद्या विचारेन.


२५ जुलै

व्हेंटिलेटरवर ठेवलं.


२ ऑगस्ट, रविवार

सकाळी नऊ चाळीसला अवधूत गेला.


४ ऑगस्ट

अंत्यविधीला दहा माणसांना परवानगी आहे. पोलिसांच्या नाक्यावर दाखवायला कागद तयार केला, गाडीत पेट्रोल भरलं. निघायच्या आधी सुखदाला फोन केला.

ती म्हणाली, “प्रल्हाद, तू येऊ नकोस. इथे सगळीकडे आहे. तुमचं गाव अजून स्वच्छ आहे ना, ते राहू दे. त्याला आवडलं नसतं तू आलास तर.”

मी म्हटलं, सुखदा, मी...

“तू काय करणार? त्याने मला सांगितलं होतं. तुझ्याकडे येण्याबद्दल आम्ही बोलत होतो ना, जूनमध्ये. तुझी खोली आधीच कुणाला तरी दिलेली होती, अडकलेल्या बायकापोरांना. तुला किती वाईट वाटलं तेही सांगितलं त्याने. फोनवर तुला बोलवेना म्हणे. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

 ती म्हणाली, “हॅलो?” मी म्हटलं, आहे.

मग गाडीतून कागद काढून आणला.

तीस जूनला मी लिहिलंय की त्याने माझा मुद्दा मान्य केला. ते पान आज पुन्हा वाचलं. त्याने मुद्दा मान्य केला नव्हता. त्याने मला सोडून दिलं होतं. आणि मग घरी जाऊन बायकोसमोर माझ्या बाजूने उभा राहिला, अनुकूल, आयुष्यात एकदाच.


५ ऑगस्ट

फुट्स्क्रेच्या घरात चौघांसमोर अवधूत काय बोलला होता ते आठवायचा प्रयत्न करतोय. तापात होतो, भिंतीपलीकडून ऐकत होतो. मोठं काही बोलला नव्हता. “तो कुठे जाणार?” एवढंच विचारलं होतं. पुन्हा पुन्हा. त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

तीस जूनला मी एकदाही विचारलं नाही की तू कुठे जाशील.


९ ऑगस्ट

शायरचं वार्तापत्र आलं. पहिल्याच पानावर ठळक: ‘अजूनही शून्य’. खाली माझ्या मार्चच्या भाषणातलं वाक्य, माझ्या नावासकट.

वार्तापत्र घेऊन मर्लकडे गेलो. ती व्हरांड्यात, मी पायरीवर. मिनिट्सच्या पानाची झेरॉक्स तिच्यासमोर ठेवली. तिने चष्मा लावला नाही. वाचायची गरज नव्हती.

“तुला माहीत होतं,” मी म्हणालो.

“सगळ्यांनाच माहीत होतं, love. माझी आजी सूप घेऊन साखळीपाशी जायची. शेवटचे दोन दिवस भांडं तसंच भरलेलं परत आणलं.”

“मग मला मार्चमध्ये का नाही सांगितलंस? मी मैदानावर ती पाटी तीनदा वाचली.”

“तू फार छान बोलत होतास,” मर्ल म्हणाली. “मी घाबरले होते. मला ते ऐकायचं होतं.”

मी तिला अवधूतचं सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं, इंग्रजीत, म्हणून सांगता आलं असेल.  शेवटी तिने विचारलं, “तू आम्हाला विचारलं असतंस, चौदा दिवस मागच्या खोलीत, तर कोण नाही म्हणालं असतं?”

मी म्हटलं, मला वाटलं सगळेच.

“बेकरीवाला म्हणाला असता कदाचित,” ती म्हणाली. “मी नाही. तू विचारलंच नाहीस, प्रॅल.”

हे खरं आहे. मी दोनशे माणसांसमोर बोललो. एकालाही विचारलं नाही.


१६ ऑगस्ट

शेवटचं प्रकरण फाडलं. नव्याने पाच पानं लिहिली. नोरा किओ मजकुरात आहे, तिचं काम, तिची बहीण, तंबू, नऊ दिवस, भरलेलं भांडं, उतरवलेला बिल्ला. त्यानंतर लिहिलं की २०२० साली याच गावात एका माणसाने आपल्या मित्राला चौदा दिवसांची खोली नाकारली, ती खोली रिकामी होती, तो मित्र वारला आणि त्याची गणना वेरिबीत झाली. त्या माणसाचं नाव लिहिलं. ते या पुस्तिकेच्या लेखकाचंच आहे.

विनीताने वाचलं. पाच पानं वाचायला तिला खूप वेळ लागला. “साडेसहाशे लोकांना सांगतोस,” ती म्हणाली. “सुखदाला सांगितलंस?”


२३ ऑगस्ट, रविवार

आज दुपारी फोन लावला. चार वाक्यं कागदावर लिहून समोर ठेवली होती. शाळेपासून आजवर कागद हातात घेऊन कधी बोललो नाही.

फोन मयूराने उचलला. “Aai's in the shower.” मग म्हणाली, “काका, can I ask you something?”

“विचार ना.”

“You know those people in your back room. The ones who got stuck. Are they still there?”

मी कागदाकडे पाहिलं. त्यावर हे नव्हतं.

“तिथे कुणी नव्हतं, बाळा.”

“Like, they left?”

“कुणी आलंच नव्हतं. खोली रिकामी होती.”

 पलीकडे पाण्याचा आवाज बंद झाला. सुखदाने विचारलं, कोण आहे गं? मयूराने फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण नंतर मी त्या दोघींना मिळून सांगितलं. मी नको म्हणालो. त्याने विचारलं होतं, चौदा दिवस दाराबाहेर पडणार नाही म्हणाला होता, मी नको म्हणालो. कारणं सांगितली नाहीत. सगळी तोंडपाठ होती.

सुखदा म्हणाली, “मयूरा, तू आत जा.”

मग फक्त ती होती. “तो त्या दिवशी घरी आला तेव्हा मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, पुन्हा विचार, दुसरी खोली असेल, हॉलमध्ये झोपू. तर हसून म्हणाला, प्रल्हादशी वादात आज हरलो. मला वाटलं चेष्टा करतोय.” मग विचारलं, “तू हे मला का सांगितलंस? मी त्या लोकांचा विचार करून रोज मनाची समजूत घालत होते. त्यांना लहान मुलं होती म्हणाला होता.”

मी म्हटलं, सुखदा.

“आता फोन करू नकोस,” ती म्हणाली. रागाने नाही. दमलेल्या माणसाने दिवा बंद करायला सांगावं तसं.


३० ऑगस्ट

कमिटीने पाच पानं ठेवली. दोघं विरोधात होते. बेकरीवाला त्यात नव्हता. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “माझा मेहुणा बरा आहे,” आणि त्याची माफी मागितल्यासारखा निघून गेला. मर्लने सत्तेचाळीसचा बिल्ला नव्याने घडवून घेतला, मागून काळा. ती तो हुकाला अडकवत असताना मी मदतीला गेलो तर म्हणाली, राहू दे, हे हॉब्सनांचं काम आहे. अवधूतच्या नावाचा बिल्लाही करू का, तिने विचारलं. मी नको म्हटलं. तो इथे कधी राहिला नाही. आता त्याला आत ओढून घेऊन मला काय सिद्ध करायचंय?

माझा २३८८ उलटा करून आलो. मी गावातच आहे. पण तो सुलटा बघवत नाही.

सुखदाचा फोन नाही. विनीता तिच्याशी बोलते, आतल्या खोलीत, दार लावून. मी विचारत नाही.

दुपारी मागच्या खोलीत गेलो. जूनपासून तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. गार पडली होती. हीटर लावला आणि गादीच्या कडेला बसलो. खिडकीतून डोंगर दिसतो, वरच्या उतारांवर अजून बर्फ आहे. मयूराने बर्फ कधी पाहिलेला नाही, अवधूत दर वर्षी म्हणायचा, या हिवाळ्यात येतोच बघ. एका बाजूला एक मोठं माणूस, मधे मूल, एका बाजूला एक मोठं माणूस, इतकी गादी रुंद आहे. खोली तापायला वीस मिनिटं लागली. टॉवेल तिथेच आहेत, तिन्ही, लेबलासकट, घडी न मोडलेले.